पंपाला आधी पाणी पुरतंय का बघ

मस्कत,
१५ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. कर्ज काढून घेतलेलं गाड्या धुण्याचं प्रेशर मशीन, गाळ्याचं भाडं चालू झालेलं, दसरा तोंडावर आलेला, आणि धार अशी की रिक्षाच्या चाकातला चिखलही धड सुटत नाही. त्यात एक मेकॅनिक म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो स्क्रू आवळा. फोनवर नीट सांगायला गेलो की तुझ्याकडे गिऱ्हाईक येतं आणि मला इकडे फोरमन हाक मारतो. म्हणून सविस्तर लिहितोय. वहिनींना सांग, याची प्रिंट काढून गाळ्यात ठेवा.

पहिलं म्हणजे घाबरू नकोस. तू जे सांगितलंस त्यावरून पंप गेलाय असं मला अजिबात वाटत नाही. मशीन चालू केल्यावर मिनिटभर धार चांगली येते, मग पडते, प्रेशरचा काटा ८० ते १२० बारच्या मध्ये नाचतो (बार म्हणजे प्रेशरचं माप) आणि गन हातात धक्के देते. ऑइल स्वच्छ आहे, पंपाखाली पाणी ठिबकत नाही. सील फाटलं असतं तर खाली पाणी दिसलं असतं, आणि ऑइलमध्ये पाणी शिरलं असतं तर ते दुधासारखं पांढुरकं झालं असतं. तुझी सगळी लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात : पंपाला पाणी पुरत नाहीये, नाहीतर पाण्याबरोबर तो हवा ओढतोय. इथे वर्कशॉपमध्ये ‘नवीन मशीन, प्रेशर नाही’ म्हणून जी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं पंपाच्या अलीकडे असतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. पंप प्रेशर देत नाही, तो फक्त पाणी ढकलतो. तुझ्या मशीनच्या प्लेटवर मिनिटाला १५ लिटर आणि २०० बार लिहिलंय. १५ लिटर ढकलणं हे पंपाचं काम. ते पाणी नोझलच्या बारीक भोकातून जाताना अडतं, त्या अडण्यातून २०० बार तयार होतात. आणि हा हिशोब सरळ नाही. पाणी तीस टक्क्यांनी कमी झालं तर प्रेशर तीस टक्के पडत नाही, जवळजवळ निम्मं होतं. १५च्या जागी साडेदहा लिटर मिळालं की काटा शंभरावर येतो. तुझा काटा नेमका तिथेच नाचतोय.

आता आपल्या गाळ्याचं पाणी आठव. भांडुपला नळाचं पाणी ठरलेल्या वेळेतच येतं, म्हणून तू धुण्यासाठी बोअरिंगचं पाणी वरच्या टाकीत साठवतोस. ते बरोबरच आहे, पिण्याचं पाणी गाड्यांवर ओतू नये. पण त्या टाकीपासून खाली येणारी लाइन अर्धा इंची, तीन-चार बेंड घेतलेली, आणि पुढे शेजारच्या गॅरेजलाही तीच. डीलरकडे मशीन जोमात चाललं कारण तिथे मोठी टाकी अगदी बाजूला होती. मशीन तेच आहे, पाणी बदललंय.

म्हणून सगळ्यात आधी बादली घे. वीस लिटरची बादली मशीनला पाणी देणाऱ्या नळीखाली धर आणि मोबाईलवर वेळ लाव. मशीनला मिनिटाला १५ लागतात, पण पुरवठा दीडपट तरी हवा. म्हणजे बादली मिनिटाच्या आत भरली पाहिजे. सव्वा ते दीड मिनिट लागत असेल तर अर्धं निदान तिथेच झालं. शेजारचा नळ चालू असतानाही एकदा मोज.

मग ड्रमची परीक्षा कर. ही मी प्रत्येक नव्या मशीनला लावतो आणि माझा तिच्यावर फार विश्वास आहे. दोनशे लिटरचा ड्रम घे, विटांच्या किंवा लोखंडी स्टँडवर मशीनपेक्षा उंच ठेव. भरलेल्या ड्रमचं वजन दोनशे किलो होतं, तेव्हा स्टँड हलता कामा नये. खालून एक इंची नळी काढून मशीनला जोड, जमेल तितकी आखूड. ड्रम भर, खडूने पातळीची खूण कर. आधी नोझल काढून गन दाबून धर, आतली सगळी हवा निघून जाऊ दे. मग नोझल लाव, पाणी पुन्हा खुणेपर्यंत आण, आणि बरोबर एक मिनिट धार मार. मिनिटभराने खुणेपर्यंत भरायला किती लिटर लागतं ते मापाने ओतून बघ.

प्रेशर आपोआप वर आलं, काटा स्थिर झाला, तर प्रश्न मिटला. दोष लाइनचा होता. ड्रमच कायम ठेव, वर फ्लोट व्हॉल्व्ह (ड्रम भरला की पाणी आपोआप बंद करणारा) लाव, टाकीतून तो सावकाश भरत राहील.

प्रेशर कमीच आहे, पण ड्रममधून पूर्ण १५ लिटर गेलं, तर पंप त्याचं काम चोख करतोय आणि पाणी नोझलमध्ये अडत नाहीये. नोझलवर बारीक अक्षरात आकडा कोरलेला असतो, तो उन्हात धरून वाच. २५०४५ असेल तर धारेचा पंखा २५ अंशांचा आणि भोक ०४५ नंबरचं. तुझ्या मशीनला तेच बसतं. तिथे ०६ लागलं असेल तर पंप ठणठणीत असूनही प्रेशर १२० बारच्या आसपासच राहणार. डीलरकडे पाच मशीनचे नोझल एका डब्यात पडलेले असतात, अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. काळा नोझल साबणासाठी असतो, त्याचं भोक मोठं, त्यावर प्रेशर येतच नाही.

पाणी १५ पेक्षा कमी गेलं आणि काटाही पडलेला आहे, तर मात्र सक्शन बाजूला, म्हणजे पाणी पंपात शिरतं तिथे, बसून एकेक जोड तपासायला हवा. मशीन बंद कर, गन दाबून प्रेशर सोड, मग इनलेटची जाळी काढ. नव्या मशीनची जाळी स्वच्छच असणार असं सगळे धरून चालतात. टाकीच्या तळाचा गाळ आणि बोअरिंगची वाळू एका दिवसात तिला बुजवते.

जाळी साफ असेल तर हवा शोध. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मशीन आलं होतं, हुबेहूब तुझ्यासारखं, काटा नाचतोय, नळी थरथरतेय. सक्शनला आम्ही हातभर पारदर्शक नळी जोडली आणि चालू केलं. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे चालले होते. बाहेर कुठेही ओल नव्हती. हवा ओढणाऱ्या जोडातून पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही, त्यामुळे नजर तिकडे जातच नाही. मग चालू मशीनवर एकेका जोडाला साबणाचा फेस लावत गेलो. कपलिंगजवळ फेस आत ओढला गेला आणि त्याच क्षणी पंपाचा खडखडाट कमी होऊन आवाज एका सुरात आला. आतला रबरी वॉशर तिरका बसला होता. नवा वॉशर टाकला, क्लिप आवळली, काटा २००वर जाऊन उभा राहिला. तूही तसाच शोध. साबण ओढायची बारीक नळी असेल तर तीही बघ. काही मशीनमध्ये तिचा नॉब उघडा आणि डबा रिकामा असला की तिथूनच हवा शिरते.

एवढं करूनही पाणी कमी आणि बुडबुडे नाहीत, तर पंपाच्या सहा व्हॉल्व्हपैकी एखाद्याखाली कचरा अडकला असेल. तीन पाणी आत घेतात, तीन बाहेर सोडतात. टेफलॉन टेपचा नखाएवढा तुकडाही एक व्हॉल्व्ह उघडा ठेवायला पुरतो. किंवा अनलोडर, म्हणजे गन सोडल्यावर पाणी परत फिरवणारा व्हॉल्व्ह, गन दाबलेली असतानाही पाणी परत फिरवत असेल. ही दोन्ही कामं कंपनीच्या माणसाची. वॉरंटी चालू असताना पंपाचं डोकं तू उघडू नकोस, आणि त्या गल्लीतल्या मेकॅनिकला तर हातही लावू देऊ नकोस.

आणि दादा, दुसरा मेकॅनिक म्हणतो तो स्क्रू आवळू नकोस. तो अनलोडरचा आहे. गन सोडली की पाणी पंपातच फिरवायचं आणि प्रेशर हद्दीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. पाणी कमी असताना तो कितीही आवळलास तरी काटा वर येणार नाही. पण उद्या पाणी पुरेसं मिळालं किंवा योग्य नोझल बसला की हद्द वर सरकलेली असेल. मग मोटर ट्रिप मारेल, नाहीतर पंपाकडून गनकडे जाणारी नळी फुटेल. आधीच फिरवला असेल तर कंपनीच्या माणसाला गेज लावून परत बसवायला सांग.

गन सोडून मशीन दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नकोस. तेच पाणी आत फिरून तापतं आणि साधारण ६० अंशांना रिलीफ व्हॉल्व्ह उघडून गरम पाणी टपकायला लागतं. ते बघून पंप गळतोय असं कोणी म्हणेल, त्याचं ऐकू नकोस. विजेचं म्हणशील, तर व्होल्टेज बसलं की मोटरचा आवाज बसतो आणि ती गरम होऊन ट्रिप मारते. तुझी मोटर एका सुरात फिरतेय, म्हणजे महावितरणच्या नावाने बोटं मोडायचं कारण नाही. अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच घे, पाण्यात उभं राहून काम करायचं आहे.

पोराला बजाव, धारेसमोर हात कधीही धरायचा नाही, नोझल साफ करतानासुद्धा. २०० बारची धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत सगळा हात सडू शकतो. असं काही झालंच तर घरी हळद लावून बसायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलला जायचं आणि डॉक्टरला ‘प्रेशरचं पाणी आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. यात मला जराही हयगय नको आहे. बूट आणि चष्मा मी इथून पाठवतोय.

शुक्रवारी मला सुट्टी असते. तुमच्याकडे साडेदहा वाजतील तेव्हा मी व्हिडिओ कॉल लावतो. तोवर बादलीची वेळ, ड्रमचं माप, नोझलवरचा आकडा आणि मशीनच्या प्लेटचा फोटो पाठव. ऑइल पहिल्यांदा साधारण पन्नास तासांनी बदलावं लागतं, तेव्हा चालवल्याचे तास वहिनींना वहीत लिहून ठेवायला सांग. खंडेनवमीला मशीनची पूजा होईल तेव्हा गाळ्याबाहेर रांग लागलेली असू दे, एवढीच माझी इच्छा आहे. हप्त्याची काळजी करू नकोस, त्याचे पैसे मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टाकतो.

आईला शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
धाकटा