माहुलच्या सातव्या मजल्यावरून: गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: चेंबूरजवळच्या माहुल पुनर्वसन वसाहतीतली पालिकेची घरं विकणं थांबवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. बावीस वर्षं हेच काम करते आहे. जन्म लालबागचा. अख्खी मुंबई पायाखालून गेली आहे असं मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगायचे. गेल्या मंगळवारी कंपनीने मला पहिल्यांदा माहुलला पाठवलं, कारण त्या भागाची मुलगी काम सोडून गेली. ती का गेली हे आता कळलं. चार दिवस घसा जळतो आहे आणि रात्री डोळा लागत नाही, म्हणून लिहिते.

चेंबूर स्टेशनबाहेर दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने विचारलं, "गावात की बिल्डिंगमध्ये?" पुढे रिफायनरीची भिंत, टँकरची रांग आणि तो वास. आधी वाटलं रिक्षातूनच गॅस गळतो आहे. पदर नाकाला लावला तरी जाईना. मग इमारती दिसल्या, एकमेकींना इतक्या खेटून की मधल्या बोळात ऊन पोचत नाही. बोळात खिडक्यांतून टाकलेला कचरा आणि फुटक्या पाइपातून ठिबकणारं सांडपाणी. सकाळचे सात वाजले होते आणि मी मोबाइलचा टॉर्च लावून जिना चढत होते, कारण लिफ्ट बंद. सातवा मजला. माझ्या उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं आहे. मधल्या दोन मजल्यांवर एकाही दाराला कडी नव्हती, आत माणूस नव्हतं. हातात सुया आणि नळ्यांची पेटी घेऊन, एकटी बाई, मी माझ्याच शहरात घाबरले, साहेब.

पेशंट सत्तरीच्या आजी. उपाशीपोटी एक नमुना आणि जेवल्यावर दोन तासांनी दुसरा. म्हणजे परत खाली उतरून पुन्हा चढणं आलं. सूनबाई म्हणाली, "ताई, इथेच बसा, फक्त दार लावून घ्या, वारा फिरला की वास आत येतो." आजींच्या उशाशी दम्याचा पंप. आधी विद्याविहारला तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनला लागून त्यांची झोपडी होती. पाइपलाइनच्या दोन्ही बाजू मोकळ्या करायच्या म्हणून 2017 मध्ये त्यांना इथे आणून टाकलं. सूनबाईची धुण्याभांड्याची चार कामं घाटकोपरला होती. जाऊन-येऊन पगार प्रवासातच जायला लागला, कामं सुटली. ती हे सगळं न रडता सांगत होती, वाटाणे सोलत. मी मात्र दुसरी सुई टोचताना हात स्थिर ठेवायला धडपडत होते. परत यायला रिक्षा मिळेना. नमुने उशिरा पोचले म्हणून आमच्या साहेबांनी माझा अर्धा दिवस कापला. ते असो, तो माझा आणि त्यांचा हिशोब आहे.

तुम्ही म्हणाल, बाई एका सकाळीत काय कळलं? मला एका सकाळीत कळलं ते सरकारला कधीपासून माहीत आहे. 2013 मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी माहुल आणि शेजारचं आंबापाडा तपासलं. 67 टक्के लोकांनी सांगितलं की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाने, इथल्या हवेने जिवाला धोका आहे असं म्हटलं. त्यानंतर, नंतर म्हणते आहे मी, तिथे पाइपलाइनची माणसं नेऊन भरली. ऑगस्ट 2018 मध्ये रिफायनरीत स्फोट झाला, चाळीसहून जास्त कामगार जखमी झाले. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की माणसांना तिथे राहायला भाग पाडता येणार नाही, दुसरीकडे घरं द्या, नाहीतर महिना 15,000 भाडं आणि 45,000 अनामत द्या. आजींच्या सुनेला विचारलं, भाडं मिळालं का? ती नुसती हसली.

रिफायनऱ्या तिथे 1954-55 पासून आहेत. त्या काही रातोरात उगवल्या नाहीत. त्यांच्या कुंपणाशेजारी 72 इमारती आणि 17,205 घरं बांधायला परवानगी देणारा कोण? त्याची सही कुठल्या तरी फाइलवर असेलच ना?

आणि आता कहर. जी घरं झोपडीतल्या माणसालाही सक्तीने देता येत नाहीत, तीच 9,098 घरं पालिकेने 2025 मध्ये आपल्याच तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या कामगारांना विकायला काढली. 225 चौरस फूट, 12 लाख 60 हजार. माझा धाकटा भाऊ चौथ्या श्रेणीत आहे. जाहिरात घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मीच म्हटलं होतं, "भर रे, मुंबईत बारा लाखांत काय मिळतं?" हे मी बोलले, माहुल न बघता. याची मला आज लाज वाटते. वहिनीने हट्ट धरून त्याला थांबवलं, नाहीतर त्याच्या दोन पोरांच्या छातीत तो धूर मीच भरला असता. घरं इतकी चांगली आहेत तर पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांसाठी एक तरी का नाही ठेवलीत?

मी स्वतः अकरा वर्षं संक्रमण शिबिरात राहते. तीन वर्षांत चाळीच्या जागी टॉवर देतो म्हणाले होते. तीन वर्षांची अकरा झाली, आई तिथेच गेली. म्हणून मला ठाऊक आहे की "तात्पुरतं" म्हणून गरिबाला जिथे ढकलतात तिथेच त्याची हाडं जातात. शहराला नको ते सगळं चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यात. 1927 पासून कचरा देवनारला. मग रिफायनऱ्या, खताचा कारखाना, कत्तलखाना. त्यानंतर माणसं. धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांसाठीही देवनार डंपिंगचीच सव्वाशे एकर जमीन शोधलीत. मुंबईत दुसरीकडे जमीन नाही, हे मला आता कुणी सांगू नये. रोज नव्या टॉवरच्या विसाव्या मजल्यावर जाऊन मी नमुने घेते.

विक्री थांबवा. कोर्टाने सांगितलेलं भाडं किती घरांना दिलं, त्याची यादी लावा. हवेचे आकडे त्या वसाहतीच्या दारात, मराठीत, रोज लिहा.

आजींची पुढची तपासणी येत्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आहे. मीच जाणार आहे, मागून घेतलं आहे ते काम. सकाळी सव्वासहाला चेंबूर स्टेशनबाहेर उभी असेन, तुम्हीही या. दोन सुयांच्या मधले दोन तास तिथे थांबावं लागतं. तेवढा वेळ काढून या.

आपली,
लालबागची एक नागरिक
(सध्या मुक्काम संक्रमण शिबिर)