बंद पडलेल्या झोताबद्दल

खोडद, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, मंगळवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "जे बंदच पडलंय ते बघत रात्र कशाला काढतेस?" निरीक्षण सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले नाही ते नाहीच, वर हे. मनाला लागून राहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तू वाचून दाखव, त्यांना इतक्यात अक्षरांवर डोळे ताणू देऊ नकोस.

न येण्याचं कारण आधी. इथल्या रेडिओ दुर्बिणीची वेळ अर्ज करून मिळते, सहा महिन्यांच्या फेरीची. हुकली की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. तरी त्या दिवशी माझं लक्ष इंदूरलाच होतं.

आता झोत. काही दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांच्या, मध्यभागी कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती गरगरणारा सगळाच वायू आत पडत नाही. थोडा दोन विरुद्ध दिशांना, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, बाहेर फेकला जातो. हे झोत दीर्घिकेच्याही पार जातात, बाहेरच्या विरळ वायूवर आपटतात आणि तिथे दोन्हीकडे अवाढव्य ढग फुगतात. १९५३ मध्ये इंग्लंडात जेनिसन आणि आपले मृणालकुमार दासगुप्ता यांनी हंस तारकासमूहातल्या सिग्नस ए या स्रोताचे असे दोन भाग पहिल्यांदा ओळखले. दीर्घिका मधोमध, आणि रेडिओ लहरी येतात तिच्या दोन्ही अंगांनी! त्यांना ते किती चक्रावून गेलं असेल, याचा मी अजूनही विचार करते.

माझ्या दीर्घिकेत मात्र झोत थांबलाय. उरलेत ते फक्त ढग. त्यांतले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. ज्याच्याजवळ ऊर्जा जास्त तो ती लवकर संपवतो, कमी असलेला पुरवून पुरवून वापरतो. म्हणून मधला पुरवठा तुटला की वरच्या कंप्रता (फ्रिक्वेन्सी) आधी मावळतात. हाच ढग १४०० मेगाहर्ट्झवर जवळपास दिसत नाही, ४०० वर फिकट दिसतो, आणि त्याच्याही खाली गेलं की चांगला उठून येतो. लहानपणी सराफ्यातून रात्री उशिरा परतताना तुम्ही मला विझलेल्या भट्टीवर लांबून हात धरायला लावला होता, आठवतं? निखारा काळा पडला होता, पण ऊब लागत होती. आमची दुर्बीण ती ऊब शोधते.

दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, एकूण २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. बाबा, तुम्ही इथे आलात तर आधी डिशची जाळी बघत उभे राहाल. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी भरीव पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी ताणून बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. काम सुरू करताना थ्री सी २८६ या ओळखीच्या स्रोताकडे सगळ्या डिश वळवतो आणि मापं जुळवून घेतो, तुम्ही मीटर आधी नव्या सेलला लावून बघायचात तसं.

त्यावरून तुमच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. मिल बंद झाल्यावर तुम्ही रामबागेतल्या घरी रेडिओ दुरुस्तीला बसलात. लोक "हा गेला" म्हणून सेट आणून ठेवायचे. तुम्ही तो कधी तसाच परत केला नाहीत. आधी आवाज पूर्ण वाढवून जाळीला कान लावायचात, आत काही गुणगुण आहे का ते ऐकायला. मी शेजारी बसून श्वास रोखून धरायची. मी आता तेच करते, बाबा. कुठल्या कंप्रतेपासून आवाज पडतो ते मोजलं की झोत थांबून किती काळ झाला याचा अंदाज बांधता येतो. तो काळ कोट्यवधी वर्षांचा असू शकतो.

आणि तो कायमचा थांबतोच असं नाही. काही ठिकाणी जुन्या दोन ढगांच्या आत नव्या ढगांची दुसरी जोडी दिसते, म्हणजे तेच कृष्णविवर पुन्हा पेटलेलं. कितीदा पेटतं, कितीदा थांबतं, हे कळायला हवं, कारण हे झोत भोवतालचा वायू तापवत ठेवतात आणि तापलेल्या वायूतून नवे तारे घडत नाहीत. दीर्घिका किती वाढणार हे बरंचसं त्यावर ठरतं. आमच्या इथल्या मंडळींनी यावर पुष्कळ काम केलंय. माझी दीर्घिका पुन्हा पेटते आहे का, तेच मी बघतेय.

इथे मोबाइल बंद ठेवावा लागतो. आमच्या डिशना तो कुठल्याही दीर्घिकेपेक्षा मोठ्याने ऐकू येतो. म्हणून, आई, उशिरापर्यंत फोन लागला नाही तर घाबरू नकोस. ड्रॉप्स दिवसातून चारदा म्हणजे चारदाच. डिसेंबरात येते तेव्हा गराडू तळायचे आहेत, आणि मी येईपर्यंत बाबांना कढईजवळ फिरकू देऊ नकोस.

सोबत नकाशाची पहिली कच्ची प्रत पाठवतेय, मुद्दाम मोठी छापलीय. बाबा, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच बघा. मध्यावर काही दिसणार नाही. दोन बाजूंना फिकट डाग आहेत. खालचा तुम्हाला कुठवर पसरलेला वाटतो ते पेन्सिलीने आखून ठेवा. माझी रेघ माझ्याजवळ आहे, आल्यावर ताडून बघू.

तुमची,
मनू