हरिहरच्या पायऱ्या आणि तुमची शिडी

नाशिक,
रविवार, दि. 18 जानेवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी बाबा फोनवर "काळजी घ्या" एवढेच म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला, तेव्हाच माझ्या लक्षात आले की घरच्या ग्रुपवर आलेले माझे हरिहरच्या पायऱ्यांवरचे छायाचित्र त्यांनी पाहिले आहे. आईने मग कुळथाची पिठी संपली का, चिऊचा खोकला थांबला का, असे सगळे विचारले. छायाचित्राचा विषय मात्र तिनेही काढला नाही. तुमच्या त्या दोन शब्दांना फोनवर उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून आज चिऊ झोपल्यावर हे पत्र लिहायला बसले आहे. बाबा, वसतिगृहातून मी पाठवलेल्या पत्रांतले ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही लाल शाईने सुधारून परत पाठवत होता. या पत्रातलेही खुशाल सुधारा, पण आधी ते शेवटपर्यंत वाचा.

हरिहर त्र्यंबकेश्वरच्या पुढे आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,120 मीटर उंच. 1818 मध्ये त्र्यंबक परिसरातले किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले, त्यांत हाही होता, हे मी तुम्हाला सांगणे म्हणजे आगाऊपणाच. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही दोघे हर्षेवाडीच्या बाजूने चढलो. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी त्या पायऱ्यांवर माणसांची रांग लागते आणि दगडही ओला असतो, म्हणून मुद्दाम कोरडा महिना निवडला होता. पायऱ्या कातळात कोरलेल्या, जवळजवळ शिडीसारख्या उभ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला बोटे अडकवण्यासाठी खोबणी आहेत, ज्या शतकानुशतके हात लागून आतून गुळगुळीत झाल्या आहेत. तुम्ही पाहिलेले छायाचित्र या पहिल्या टप्प्यावरचे, चढतानाचे आहे. तिथे मी खरोखरच आनंदात होते.

महादरवाजा ओलांडल्यावर कड्याच्या पोटाखालून वाकून जावे लागते आणि मग दुसरा, अधिक अरुंद टप्पा येतो. चढताना काही वाटले नाही. वर मारुतीचे दर्शन घेतले, तळ्याकाठी दशम्या खाल्ल्या, दगडी कोठीच्या लहानशा खिडकीतून आत शिरून पाहिले आणि समोर ब्रह्मगिरी, पलीकडे वैतरणेचे पाणी असे सगळे डोळे भरून बघितले. उतरताना मात्र, तोंड कातळाकडे करून शिडी उतरतात तसे उतरत असताना, वरच्या टप्प्याच्या मध्यावर माझा उजवा पाय लटलट कापू लागला आणि खाली टेकेना. जावईबापू दोन पायऱ्या खाली होते. त्यांनी माझी टाच हातात धरून पाऊल पायरीवर ठेवायचे, मग मी हात खालच्या खोबणीत न्यायचा, असे करत आम्ही तो टप्पा उतरलो. दहा मिनिटे लागली असतील. त्या दहा मिनिटांत मला दरीची भीती वाटली नाही. चिऊला घरमालकीण काकूंकडे सोडताना "चार वाजता येतो" असे सांगितले होते आणि तिचे आई आणि बाबा दोघेही एकाच वेळी या कड्यावर लटकले आहेत, एवढे एकच डोक्यात होते.

तेव्हा बाबा, तुम्ही जे बोलला नाहीत ते निम्मे बरोबर होते. किल्ल्यावर जाणे चुकले नाही. दोघांनी एकदम जाणे चुकले. परतताना गाडीतच आम्ही ठरवले की अशा कड्यांवर यापुढे एकाच वेळी आम्हा दोघांपैकी एकानेच जायचे, तेही अनुभवी मंडळींबरोबर, आणि चिऊ सोबत असेल तेव्हा जिथे ती स्वतःच्या पायांनी चढू शकेल तिथेच जायचे.

तशा जागा नाशिकच्या आसपास इतक्या आहेत की वर्षभरात आमचा एकही महिना मोकळा गेलेला नाही. पांडवलेणी आता तिच्या पायाखालची झाली आहे. पायऱ्या मोजत चढते आणि वीसनंतर पुन्हा एकपासून सुरू करते. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख मी तिला दाखवला आणि एका आईने आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, कौतुक दगडावर कोरून ठेवले आहे असे सांगितले, तर तिने विचारले, "तो घरी नव्हता का?" बाबा, हा लेख मुलाच्या पश्चात, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरला गेला, हे तुम्ही वर्गात शिकवलेले मला आठवत होते, पण चार वर्षांच्या मुलीला त्याचे उत्तर कसे द्यावे ते सुचले नाही. ते काम मी तुमच्यासाठी राखून ठेवले आहे.

गेल्या महिन्यात नांदूर मधमेश्वरला गेलो होतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बांधलेल्या बंधाऱ्यात गाळ साचून ही पाणथळ जागा तयार झाली आणि 2020 मध्ये तिला महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. पहाटे निघालो, चिऊला दोन स्वेटर आणि कानटोपी घातली, तरी निफाडच्या थंडीने तिचे नाक लाल झाले. चापडगावच्या मनोऱ्यावरून तिने चक्रवाकांची जोडी पाहिली. तिला सर्वांत आवडली ती जांभळी पाणकोंबडी, कारण "तिने लाल लिपस्टिक लावली आहे". रामशेजलाही ती निम्म्याहून अधिक चालली. औरंगजेबाच्या फौजेला त्या एवढ्याशा किल्ल्याने पाच वर्षांहून अधिक काळ झुंजवले, हे तिला तुम्ही सांगावे. मी सांगितले तर त्यात तोफा कमी आणि खाऊ जास्त येतो.

आता कामाविषयी. पुण्यातली कायमची नोकरी सोडून मी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये गेले, हे तुमच्या मनाला पटले नव्हते, हे मला ठाऊक आहे. सध्या निर्यातीचा हंगाम सुरू झाला आहे आणि पहाटे तोडलेला माल क्रेटमध्ये येऊ लागला की दुपारपर्यंत मान वर करायला वेळ मिळत नाही. बायका हातात कात्री घेऊन घडातला तडकलेला, डागी, बारीक मणी काढतात. मग वजन, डबे, पेटी आणि लगेच प्रीकूलिंग, म्हणजे माल झटपट थंड करणे. माझ्याकडे तपासणी आहे: मण्याची जाडी, साखर, देठाचा हिरवेपणा, आणि ज्या बागेतून माल आला तिचा नोंदणी क्रमांक व औषधांच्या अंशांचा अहवाल एकमेकांशी जुळतो की नाही. हे सगळे इतके काटेकोर का, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. 2014 च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपने आपला हापूस बंद केला, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र घेऊन खळ्यात किती वेळ बसला होता, ते मला आठवते. द्राक्षवाल्यांना तसा धक्का 2010 मध्ये बसला. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मालात सापडले आणि तिकडे पोहोचलेल्या खेपा अडकल्या. तेव्हापासून इथला शेतकरी फवारणीची वही देवाच्या पोथीसारखी जपतो.

यंदाचे वर्ष तर फारच कठीण आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की पुढच्या दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यांत घड तयार होतात आणि त्यासाठी ऊन लागते. गेल्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, आभाळ हटेना, आणि ऑक्टोबरच्या गोडी, म्हणजे फळासाठीच्या, छाटणीनंतर अनेक बागांत घडच कमी निघाले. पुढे परतीच्या पावसाने डावणी हा बुरशीचा रोग आणला. आपल्याकडे मोहोर आला की मग पावसाची भीती. इथे पीक दिसण्याच्या सहा महिने आधीच ते बुडालेले असू शकते, हे मला इथे आल्यावर समजले.

गेल्या आठवड्यात एक आजोबा स्वतःच ट्रॅक्टरवर माल घेऊन आले. मण्याची जाडी 16 मिलिमीटर हवी होती. मी गोल मापाची कडी घेऊन घडातला मणी त्यात धरला, तो अलगद आरपार गेला. दुसरा धरला, तोही गेला. त्यांनी क्रेटमधला एक मणी काढला, बाहीला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "ताई, खाऊन बघा, गोडी कमी आहे का?" गोडी कमी नव्हती, इतका गोड मणी मी या हंगामात खाल्ला नव्हता. तरी माल परत गेला आणि स्थानिक व्यापाऱ्याला कमी भावाने द्यावा लागला. त्या रात्री मला जेवण गेले नाही, पण दुसऱ्या दिवशीही मी तोच निर्णय दिला असता. 2023 च्या अखेरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवासाला दोन आठवड्यांपर्यंत जास्त वेळ लागू लागला. तेव्हापासून इथे पेटीत काय भरायचे याबाबत कोणीही सैलपणा करत नाही.

जावईबापूंनी अंबडला एका मित्राबरोबर भाड्याने गाळा घेतला आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. शीतगृहांना आणि लहान कारखान्यांना लागणारे विजेचे पॅनेल तिथे तयार होतात. पहिला मोठा पॅनेल दिंडोरीकडच्या एका शीतगृहात बसवला आणि चौथ्याच रात्री अकरा वाजता फोन आला की कॉम्प्रेसर बंद पडला आहे. हे थंडीत मोटारसायकलने गेले. एका टर्मिनलचा स्क्रू सैल राहिला होता, त्यांच्याच हातून. पहाटे तीनला परत आले तेव्हा बोटे इतकी गारठली होती की कुलूप उघडता येईना. आता पॅनेल गाळ्याबाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू दोघांनी तपासून त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, असा नियम झाला आहे. एका ग्राहकाचे पैसे तीन महिने अडकले आहेत आणि त्यामुळे या महिन्यात घर माझ्या पगारावर चालले आहे. हे मी लपवत नाही. दादाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे. उधार मात्र कोणाचे घेतलेले नाही.

आई, तुझ्यासाठी घरचे चार शब्द. पोळ्या सकाळी मीच करते, संध्याकाळचा भात-आमटी त्यांच्याकडे आहे. फोडणीत हिंग घालायला ते अजून विसरतात. चिऊ सकाळी बालवाडीत असते आणि दुपारी काकूंकडे. त्यांच्या हाताखाली ती लसूण सोलायला शिकली आहे आणि तुझ्या आंबोशीची आमटी त्यांनाही आवडली आहे, तेव्हा बरणी आता मोठी पाठवावी लागेल.

आणि आता बाबांशी भांडण. दादाने मला सांगितले की मागच्या हंगामात गड्याने सुट्टी घेतली म्हणून तुम्ही एकाहत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, पाणंदीकडच्या मोठ्या कलमावर शिडी लावून चढलात आणि आंबे काढायचा झेला एका हातात धरून वरच्या फांदीपर्यंत गेलात. खाली शिडी धरायला आई होती, जिला मान वर केली की चक्कर येते. हेही मला कोणी छायाचित्र काढून पाठवले असते तर मीसुद्धा "काळजी घ्या" म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात दिला असता. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे: मी दोघांनी एकदम कड्यावर न जाण्याचा शब्द दिला आहे, तो पाळीन, तुम्ही या हंगामात शिडीला पाय लावणार नाही, एवढे मला लिहून द्या. वरचे आंबे गड्याने काढावेत आणि गडी आला नाही तर ते झाडावरच राहावेत. त्या चार डझनांचे पैसे मी पाठवीन.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघांनी इकडे यावे, मोहोराची फवारणी दादा बघतो म्हणाला आहे. ठाण्याला उतरून लोकलने कल्याणला या आणि तिथून संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. हे कल्याणलाच न्यायला येतील, त्यामुळे सामानाची चिंता नको. बाबांची लोकरी बंडी आणि आईची शाल आठवणीने घ्या, इथली सकाळ आपल्याकडच्या पौषापेक्षा पुष्कळ गार असते. आल्यावर एक दिवस पॅकहाऊसमध्ये नेईन, आणि बाबांचा गुडघा मानेल तितक्या पायऱ्या पांडवलेणीच्या चढू. तिसऱ्या लेण्यापाशी चिऊचा प्रश्न तुमची वाट पाहतो आहे.

शिडीविषयीचे उत्तर मात्र फोनवर चालणार नाही, पत्रानेच पाठवा. तुमच्या सहीसह.

तुमची,
बायो