सागरला गाडीवर बसवण्याआधी

कळंबोली
18 जानेवारी 2026

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा वजनकाट्यावर आमच्या दोन गाड्या अडकल्या होत्या, म्हणून धड बोलता आलं नाही. "आमच्या सागरला तुझ्याकडं ट्रकवर ड्रायव्हर म्हणून बसव" एवढं सांगून तू फोन ठेवलास. लेका, हे काही दोन मिनिटांत उत्तर द्यायचं काम नाही, म्हणून सवडीनं लिहितोय.

आधी कागदपत्रांचं. सागर एकोणीसचा. वयाची 20 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ट्रक चालवता येत नाही, आणि जड गाडीच्या शिकाऊ लायसन्ससाठी हलक्या गाडीचं लायसन्स निदान वर्षभर हातात असावं लागतं. आठवी पासची अट होती ती 2019 मध्ये निघाली, तेव्हा त्याच्या शाळेची काळजी सोड. जामखेडचा कुणी एजंट "जमवून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नकोस. पोराच्या हातून उद्या काही घडलं तर तो एजंट फोनसुद्धा उचलणार नाही.

आता खरं दुखणं. गाडी कुठली, किती चाकी, एसी आहे का, हे सगळं नंतर. मालकाला पहिल्यांदा विचारायचं ते एवढंच, की पगार कसा देता? महिन्याचा ठरलेला पगार आणि वर रोजचा भत्ता असेल तर पुढं बोलायचं. खेपेवर पैसे आणि डिझेलच्या अॅव्हरेजवर हिशोब असेल तर चहा पिऊन उठायचं.

अॅव्हरेजचा हिशोब म्हणजे काय, तर मालक ठरवतो की एवढ्या किलोमीटरला एवढं डिझेल. वाचलं तर तुझं, जास्त लागलं तर तुझ्या पगारातून. मग ड्रायव्हर वाचवणार कुठं? उतारावर. गाडी न्यूट्रलला टाकायची, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडं येणारा उतार तू पाहिला आहेस. तिथं नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकनं एकापाठोपाठ कितीतरी गाड्या उडवल्या, तेव्हाही न्यूट्रलचंच कारण पुढं आलं होतं. त्याच पट्ट्यात नोव्हेंबर 2025 मध्ये कंटेनरच्या अपघातात आठ माणसं गेली.

गिअरमध्ये गाडी असली की इंजिन तिला मागं ओढून धरतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर धरत नाहीत, पायाखाली पॅडल असून नसल्यासारखं. इंजिन बंद केलं असेल तर आणखी वाईट: कॉम्प्रेसर हवा भरत नाही, चारदोनदा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरते, आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, 'ब्रेक फेल'.

वर गंमत अशी की 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाडीत यातून काही वाचतही नाही. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन डिझेल घेणंच थांबवतं, न्यूट्रलला मात्र चालू राहण्यापुरतं पीत राहतं. हे मी आमच्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. मान डोलावतात आणि घाटात आपलंच खरं करतात, कारण ज्या उस्तादाकडं शिकले त्यानं तसंच शिकवलेलं असतं.

दुसरं झोपेचं. 1961 चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा होता. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पण तो लागू कुणाला, तर पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडं एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. मोटार वाहन कायद्यातही याच तासांचा हवाला आहे, पण ते तास मोजतो कोण? नोव्हेंबर 2025 पासून तो जुना कायदा नव्या श्रमसंहितेत गेला. आमच्या यार्डात त्यावर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

युरोपात साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. आपल्याकडंही बऱ्याच गाड्यांना जीपीएस आहे. त्याचा उपयोग काय, तर गाडी ढाब्यावर अर्धा तास उभी दिसली की ऑफिसातून फोन, "काय रे, गाडी का थांबली?" मी त्याच ऑफिसात बसतो म्हणून सांगतो, तो फोन करायला लावणारा वर वेगळाच असतो. जालन्याहून सळई भरायची तर गाडी सकाळी कारखान्याच्या गेटवर लागते आणि भरून निघते दिवेलागणीला. दिवसभर ड्रायव्हर उन्हात नंबरची वाट बघतो, झोप कुठली? वरून माल मागवणारी पार्टी म्हणते, "सकाळी कळंबोलीत माल पाहिजे." लोक मालासोबत लागणाऱ्या सरकारी ई-वे बिलाला शिव्या देतात, पण ते बिचारं 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत देतं. घाई सरकारची नाही गड्या, पार्टीची आहे.

वाटेत झोपायचं म्हटलं तरी एक डोळा डिझेलच्या टाकीवर. टाकी रिकामी झाली तर भरपाई परत त्याच्याच पगारातून. 2025 पासून नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण अॅव्हरेजवाला मालक तो चालू ठेवू देईल का, मला शंकाच आहे.

ओव्हरलोडचं थोडक्यात. दहाचाकीचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून मंजूर वजन, 2018 मध्ये 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. त्यावर माल घातला तर 20,000 दंड आणि वर दर जादा टनाला 2,000. सागरला एवढंच शिकव की काट्याची पावती स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही.

वहिनींना सगळ्यात जास्त भीती दहा वर्षांच्या शिक्षेची वाटत असणार. जानेवारी 2024 मध्ये ज्यावरून चक्का जाम झाला, पंपांवर रांगा लागल्या, ते हेच कलम, भारतीय न्याय संहितेचं 106(2). बेदरकार चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना न कळवता पळून गेला तर ती शिक्षा. नवा कायदा जुलै 2024 पासून आला, पण हे पोटकलम तेव्हा बाजूला ठेवलं. ड्रायव्हर पळतो तो बहुतेक वेळा मार खायच्या भीतीनं. मोटार वाहन कायद्याच्या 134 व्या कलमात जखमीला मदत करणं ड्रायव्हरचं कर्तव्य सांगितलंय, आणि जमाव खवळल्यामुळं ते शक्य नसेल तर सूटही दिलीय. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही रस्ता माहीत होता! सागरला सांग, 112 लावायचा, जवळच्या चौकीत जाऊन उभं राहायचं. लपायचं नाही.

त्याला मार्चमध्ये माझ्याकडं पाठव. आमच्याकडं संगमनेरचे एक जुने ड्रायव्हर आहेत, भरलेली गाडी कसारा घाटातून दुसऱ्या गिअरवर उतरवणारे. मागचे कितीही हॉर्न मारोत. त्यांच्या शेजारी महिना-दोन महिने नुसता बसू दे. त्यानंतरही त्याला हेच करायचं असेल तर ठरलेला पगार देणारा मालक मी शोधतो, दोघं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. हलक्या गाडीचं लायसन्स आणि डोळे तपासल्याचा कागद सोबत दे. चष्मा लागला असेल तर लपवू नका म्हणावं.

आबांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू