भूक ओळखायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सादर सलाम.

आपले आभार तोंडी मानायला गेले की आपण विषय बदलता आणि चहा टाकायला उठता, हे मंगळवारच्या बायबल-वाचनाला येणाऱ्या आम्हा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि तेही उघड. आपले नाव यात घालत नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही. परंतु कोल्हापुरात काय किंवा मिरज-सांगलीकडे काय, माझ्यासारखी माणसे पुष्कळ आहेत. ती ख्रिस्ती मंडळीतच जन्मली, रविवारच्या शाळेत शिकली, नाताळची गीते त्यांना तोंडपाठ आहेत, आणि तरीही ती आतून उपाशी आहेत. त्यांच्यापर्यंत आपली रीत पोहोचावी असे मला मनापासून वाटते.

अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या शहरात मिशनचे काम सुरू केले, आणि त्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळीत आमच्या चार पिढ्या वाढल्या. बाप्तिस्मा, दृढीकरण, तरुण संघ, पुढे मंडळीच्या हिशेबाची जबाबदारी, हे सारे माझ्या बाबतीत यथासांग झाले. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी हिशेबनीस म्हणून लागलो आणि तिथेच स्थिरावलो. घराचे कर्ज फिटले, मुलगी शिकून पुण्यात नोकरीला लागली, पत्नीचे जुने दुखणेही आटोक्यात आले. चिंता करावी असे काही उरले नाही, आणि नेमक्या त्याच काळात रात्री झोप उडू लागली. कशाची उणीव आहे हे सांगता येत नव्हते, पण उणीव होती. मोठ्या उपासना-सभांना गेलो की मन भरून येई, डोळे ओले होत, आणि आठवडा अर्धा सरायच्या आत सगळे ओसरून जाई. त्या सभांत बोलणाऱ्यांविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांनी वाढले ते अन्न खरेच होते, पण माणसाला रोज जेवावे लागते.

अशाच एका रविवारी उपासना संपल्यावर फाटकापाशी आपण मला थांबवलेत. शाळेत मला गणित शिकवलेत तेव्हाच्याच आवाजात विचारलेत, ‘‘पोटात काही जातंय का रे तुझ्या?’’ मी घरच्या जेवणाबद्दल काहीतरी बोलू लागलो. आपण हातातल्या शास्त्रावर दोनदा बोट आपटलेत आणि म्हणालात, ‘‘हे विचारतेय मी. मंगळवारी ये.’’

आपल्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर चादर टाकून केलेले ते टेबल, शाळेच्या वहीसारखे खाकी कागदाचे वेष्टन घातलेले आपले पवित्र शास्त्र, आणि भिंतीलगत बसलेली माणसे: एक निवृत्त परिचारिका, एक रिक्षाचालक, कॉलेजात जाणारी दोन मुले, स्त्री-मंडळातल्या काकू. आपला नियम साधा होता. ठरलेला उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, आणि दुसऱ्यांदा तो वाचायचा मान ज्याचे वाचन सर्वांत अडखळत असेल त्याचा. मग काही वेळ कोणी बोलायचे नाही. त्यानंतर आपला एकच प्रश्न असे: ‘‘इथं प्रभू कसा दिसतो?’’ कोणी आपल्या अडचणीकडे किंवा दुसऱ्याच्या दोषाकडे वळू लागले की आपण हळूच त्याच प्रश्नावर परत आणत होता. ‘यातून मला काय मिळेल’ हा प्रश्न आपण मनाई केल्यासारखा कधी टाळला नाहीत, पण त्याची पाळी नेहमी दुसरी असे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एकाहत्तर वचने आहेत. त्या अध्यायावर आपण आम्हाला अख्खा पावसाळा बसवलेत. मला तो पाठ होता, निदान तसा माझा समज होता. हिशेबाचे काम करणारा म्हणून मला येशूचा शिष्य फिलिप्प जवळचा वाटे, कारण एवढ्या लोकांना दोनशे दीनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत असा चोख अंदाज तो देतो. दुसरा शिष्य आंद्रिया एका मुलाजवळच्या पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या दाखवतो. जव हे त्या काळी गरिबाघरचे धान्य. पाच हजार पुरुष जेवतात, बारा टोपल्या उरतात. आमच्या शाळेत गोष्ट इथे संपत असे. आपण मात्र आम्हाला दुसऱ्या दिवसाकडे नेलेत. तीच माणसे सकाळी होड्या घेऊन कफर्णहूमला येतात, आणि येशू त्यांना सरळ सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता. त्या वचनाशी आपण आम्हाला दोन मंगळवार थांबवलेत. ती माणसे तृप्त झाली होती, असे प्रभू स्वतःच म्हणतो, हे आपण दाखवलेत. काल मिळालेली तृप्ती खरी होती, आणि आज ती संपली होती. त्यांच्या भुकेबद्दल तो त्यांना रागावत नाही. पोटाला आधी त्यानेच घातले होते. परंतु त्यानंतर तो म्हणतो की मीच जीवनाची भाकर आहे, माझ्याकडे येणाऱ्याला कधीही भूक लागणार नाही.

त्या संध्याकाळी मी माझ्या वर्षानुवर्षांच्या प्रार्थना मनात चाळून पाहिल्या. नोकरी, कर्ज, प्रकृती, मुलीचा प्रवेश. त्यांतली एकही मागणी अयोग्य होती असे आपण म्हणाला नाहीत, आणि मलाही तसे वाटत नाही. बहुतेक सगळ्या पूर्ण झाल्या होत्या, आणि त्यासाठी मी आजही देवाचा ऋणी आहे. पण सगळे मिळूनही मी रिता का राहिलो, याचा उलगडा तिथे झाला. ज्याने दिले त्याचीच ओढ त्या मागण्यांत कुठे नव्हती. अध्यायाच्या शेवटी पुष्कळ शिष्य मागे फिरतात आणि प्रभू बारा जणांना विचारतो की तुमचीही जायची इच्छा आहे काय, तेव्हा आम्ही कोणाकडे जाणार, असे पेत्र म्हणतो. रिक्षाचालक भाऊंनी ते वचन अडखळत, अक्षर अक्षर जुळवत वाचले, आणि ते ऐकताना माझा गळा दाटून आला.

इतके सावकाश का, असे मी एकदा विचारले होते. आपण पन्हाळा तालुक्यातल्या, गुळव्याची मुलगी. आपण मला गुऱ्हाळ सांगितलेत. चरकातून निघालेला रस काहिलीत पडला की लगेच गूळ होत नाही. चुलवाणाचा जाळ सारखा ठेवावा लागतो, मळी वर येईल तशी काढत राहावी लागते, आणि पाक झाला की नाही हे गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून, बोटांनी चाचपून ठरवतो. घाई केली तर ढेप धरत नाही. वचनाचेही तसेच, असे म्हणून आपण पुन्हा उताऱ्याकडे वळलात. वाचनाच्या अखेरीस आपण पेटी पुढे ओढून नारायण वामन टिळकांचे एखादे भजन धरत असा, आणि दिवसाचे वचन त्या चालीबरोबर आम्ही घरी घेऊन जात असू.

पंडिता रमाबाईंची हकीकत आपण सांगितलीत, त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. संस्कृत शास्त्रांत निष्णात असलेल्या या विदुषीने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता; तो कित्येक वर्षांनी मिळाला. रमाबाईंसारख्या व्यक्तीने हे मोकळेपणाने मांडले, म्हणून माझ्यासारख्या जन्मजात ख्रिस्ती माणसालाही आपल्या भुकेची लाज वाटेनाशी झाली. भूक लागणे हा विश्वासाचा अभाव आहे, असे मी समजत आलो होतो. स्तोत्रकर्ता तर यहूदाच्या रानातून देवाला सांगतो की माझा जीव तुझ्यासाठी तहानेला झाला आहे, आणि त्याच त्रेसष्टाव्या स्तोत्रात तो मिष्टान्नाने व्हावी तशा तृप्तीची भाषाही करतो. तहान आणि तृप्ती एकाच स्तोत्रात, एकाच माणसाच्या तोंडी.

मग ऑगस्ट २०१९चा महापूर आला. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने शहराचा पाणीपुरवठा थांबला. चहूकडे पाणी, आणि टँकरपुढे घागरी-कळश्यांच्या रांगा. पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या भाजण्याचे काम मंडळीतल्या बायकांनी उचलले, तेव्हा गुडघे धरलेले असतानाही आपण परातीपुढे बसलात. हात पिठात असताना आपण योहानाच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी स्त्रीविषयी बोलत होता. भर दुपारी सुखार गावच्या विहिरीवर ती पाण्याला येते, जिवंत पाण्याविषयी ऐकते, आणि जाताना घागर तिथेच ठेवून गावाकडे धावते. नंतर वाचन पुन्हा सुरू झाले तेव्हा आपण यिर्मया संदेष्ट्याचा दुसरा अध्याय काढलात. यहूदातल्या डोंगराळ मुलखात लोक खडकात हौद खोदत, चुन्याचा गिलावा करून पावसाचे पाणी साठवत, आणि गिलाव्याला तडा गेला की हंगामाची सगळी मेहनत झिरपून जाई. जिवंत पाण्याचा झरा सोडून असे फुटके हौद खोदत बसल्याचे देवाचे दुःख यिर्मया सांगतो. टँकरच्या रांगेत उभे राहून आलेल्या आम्हाला ते समजावून सांगावे लागले नाही. भाकरी भाजणे आणि शास्त्र उलगडणे या दोन गोष्टी आपण कधी वेगळ्या केल्या नाहीत, आणि मला वाटते, आपल्या शिकवणीवर लोकांचा विश्वास बसतो तो यामुळेच.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम लिहितो, कारण साक्ष देताना ती बहुधा गाळली जाते. कोरडे दिवस पुढेही आले. शास्त्र उघडावे आणि अक्षरे नुसती डोळ्यांपुढून जावीत, असे आठवडेच्या आठवडे गेले. आपल्याला हे सांगितले तेव्हा आपण उपदेश केला नाहीत. यजमान गेल्यानंतर आपल्यालाही फार दिवस तसेच झाले होते, असे म्हणालात, आणि निर्गमाच्या पुस्तकातल्या मान्नाची, म्हणजे देवाने इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाची, आठवण दिलीत: रानात रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळे. कालचा अनुभव आज पुरवून खाता येत नाही, म्हणून तो संपल्याची भीती बाळगू नकोस, सकाळी परत जा, एवढेच आपण सांगितलेत. फिलिप्पैकरांस लिहिताना बंदिवासात असलेला प्रेषित पौल म्हणतो की भरपुरीत आणि अडचणीत, दोन्हींत राहण्याचे मला शिक्षण मिळाले आहे. प्रेषितालाही ते शिकावे लागले, हे वाचून मला केवढा धीर आला ते मी सांगू शकत नाही.

आता कंपनीची बस येण्यापूर्वी मी अर्धा अध्याय वाचतो, कधी एखादेच वचन, आणि आपला तो प्रश्न स्वतःला विचारतो. कारखान्यातल्या माझ्या जागेपेक्षा वरची जागा मधल्या काळात दुसऱ्याला मिळाली. वाईट वाटले, पण त्या रात्री झोप लागली. गेल्या वर्षी आई गेली. शेवटच्या आठवड्यात तिच्या उशाशी तेविसावे स्तोत्र वाचताना ‘मला काही उणे पडणार नाही’ हे शब्द माझ्या तोंडून न अडखळता बाहेर पडले, आणि ते मी नुसते वाचत नव्हतो. दुःख झालेच, आजही होते. परंतु पूर्वी सुखातही जी पोकळी छळत असे, ती त्या दुःखात नव्हती. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब भाकर मोडतात, तेव्हा मी पूर्वी घड्याळाकडे पाहत असे. आता हात पुढे करताना खरोखर भुकेलेला असतो आणि भरलेला परततो. हे ज्याने दिले त्याचे उपकार मी प्रार्थनेत मानतो. ज्यांच्या हातून वाढले गेले, त्यांचे आभार मात्र इथे मानतो, आणि या वेळी आपल्याला चहा टाकायला उठता येणार नाही.

गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आपण मुलीकडे गेल्यापासून वाचन आमच्या घरी भरते. कॉलेजातल्या त्या दोन मुलांपैकी एक आता उतारा निवडतो. येत्या मंगळवारी यशयाचा पंचावन्नावा अध्याय आहे, ज्यात पैसा नसलेल्यांनाही या, विकत घ्या आणि खा असे बोलावणे आहे, आणि जे अन्नच नव्हे त्यासाठी पैसा का खर्चता असा प्रश्न आहे. रिक्षाचालक भाऊंचा आग्रह आहे की पहिल्यांदा तो आपण फोनवरून वाचावा, म्हणजे दुसऱ्यांदा ते वाचतील. सायंकाळी सात वाजता फोन लावतो. शास्त्र आणि चष्मा जवळ ठेवावा.

आपला नम्र विद्यार्थी,
मंगळवारच्या वाचनातील एक
कोल्हापूर