मिलिटरीचे सगळेच ट्रक भंगारात घालू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवायची नाही आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच मोडायच्या, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आला, तेव्हापासून हे पत्र लिहीन लिहीन म्हणत होतो. ऑफिसच्या जुन्या जीपा आणि धूर सोडणाऱ्या बसगाड्या जाऊ देत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. चिलखती आणि खास लढाईच्या कामाच्या गाड्या त्या नियमाबाहेर ठेवल्यात आणि जुने रणगाडे बघायचे तर अहिल्यानगरला १९९४ पासून म्युझियम आहे. मला लिहायचंय ते मिलिटरीच्या साध्या मालवाहू ट्रकबद्दल. रेशन, दारूगोळा, रॉकेल, घरची पत्रं, सगळं वर पोचवलं ते त्यांनी, पण त्यांचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

आमच्या घरी एक शक्तिमान आहे. २००३ साली लिलावात घेतलेला, अजून चालू आहे.

नव्या मुलांना शक्तिमान म्हणजे काय माहीत नसतं म्हणून सांगतो, जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला हा ट्रक बनायला लागला, कंपनीचं नाव त्याच्या नावातच आहे. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असतानाची ही गोष्ट. पुढं १९६२ चं युद्ध झालं, मेनन गेले, आपले यशवंतराव दिल्लीला गेले, फौज वाढवायला घेतली आणि सातारा जिल्ह्यातल्या गावागावातून पोरं भरती झाली, त्यात १९६३ ला आमचे वडील, अण्णा पण होते. त्यांना आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये (एएससी, फौजेला रसद पोचवणारी शाखा) ड्रायव्हर केलं. बंदूक हातात होतीच पण सगळी नोकरी गेली स्टेअरिंगवर, आणि त्यातली बरीच वर्षं श्रीनगर-लेह रस्त्यावर शक्तिमान चालवण्यात. वाटेतली झोजि ला खिंड साडेअकरा हजार फूट, फोटू ला खिंड तेरा हजाराच्या वर. रस्ता एकेरी, म्हणून काफिला एका वेळी एकाच बाजूने सोडायचे. थंडीत डिझेल गोठायला यायचं तेव्हा रात्री उठून उठून इंजिन चालू करून ठेवायला लागायचं. हे सगळं आम्ही लहानपणी जेवताना ऐकलंय.

२००३ ला मला कळलं की पुण्याच्या बाजूला एका डेपोत (नाव लिहीत नाही) जुन्या शक्तिमानचा लिलाव आहे. अण्णांना म्हटलं नुसतं बघून येऊ. गाड्या बघायचा दिवस वेगळा असतो आणि लिलावाचा वेगळा. ओळीनं ट्रक उभे, टायरच्या मधून कमरेएवढं गवत आलेलं, बॅटऱ्या काढून घेतलेल्या, चालू करून बघायची परवानगी नाही. सगळा माल ‘जसा आहे जिथे आहे’ या अटीवर, म्हणजे नंतर इंजिन जाम निघालं तरी तुमची तक्रार चालत नाही. मी रंग न् टायर बघत फिरत होतो आणि अण्णा प्रत्येक गाडीची ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसत होते. ऑइल दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय, पुढं चला. असं करत करत एका गाडीपाशी थांबले. बाण, मग ७८, मग पुढचा नंबर. मिलिटरीच्या प्लेटवर बाणानंतरचे दोन आकडे गाडी फौजेत आली ते वर्ष सांगतात. म्हणाले, हिचं पोट साफ आहे.

लिलावात बहुतेक सगळे भंगारवाले होते. त्यांचा हिशोब वजनाचा. ते वाईट माणसं आहेत असं नाही, त्यांचा तो धंदा आहे, पण एका माणसाला एक गाडी चालवायला न्यायचीय याचा विचार त्या पद्धतीत कुठंच नव्हता. तीन-तीन गाड्यांचे लॉट केलेले. शेवटी एक लाकडाच्या वखारीवाले आणि एक गॅरेजवाले असे दोघं भेटले, तिघांनी मिळून बयाणा भरला, बोली लावली आणि लॉट आमच्या नावावर लागला. वखारीवाल्यांना लाकडं ओढायला हवा होता, गॅरेजवाल्यांना स्पेअर पार्टसाठी, आणि आम्हाला ७८ चा तो.

आता कागदांचं सांगतो, कारण कोणी घेणार असेल तर त्याला उपयोग होईल. मिलिटरीत असताना गाडीची नोंदणी आरटीओत नसते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली मिलिटरीच स्वतः करते, आणि गाडी फौजेतून निघाली की ती नव्यानं आरटीओत नोंदवायला लागते. त्यासाठी मोटार वाहन नियम ४७ प्रमाणे फॉर्म २१ मधलं मूळ विक्रीपत्र लागतं. ते एकेका गाडीचं वेगळं पाहिजे, लॉटचं एकत्र चालत नाही. आमच्या विक्रीपत्रात चेसिस नंबरचा एक आकडा चुकला होता. ७ च्या जागी १. एवढ्यासाठी पाच चकरा झाल्या, दर वेळी वेगळं टेबल. म्हणून सांगतो, गाडी ताब्यात घ्यायच्या आधी चेसिसवर कागद ठेवून पेन्सिलीचा छाप घ्या आणि विक्रीपत्राशी एकेक आकडा जुळवा, मगच गेटच्या बाहेर पडा.

दुसरं म्हणजे रंग. नियम १२१ असा आहे की संरक्षण खात्याशिवाय कुणाचीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगाची असता कामा नये. नियम बरोबरच आहे, उद्या कोणीही हिरवी गाडी घेऊन मिलिटरीवाला म्हणून कुठंही शिरेल. पण रंग काढल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही म्हटल्यावर डेपोच्या बाहेरच्या एका गॅरेजवर आम्ही बापलेक दोन दिवस राहिलो आणि सगळ्या गाडीला रेड ऑक्साइडचा तांबडा रंग मारला. घासताना हिरव्याच्या खाली हिरवा, त्याच्या खाली अजून हिरवा, असे किती थर निघाले. बोनेटच्या आतून मात्र अण्णांनी ब्रश लावू दिला नाही. तो रंग अजून तसाच आहे.

तिथंच २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या आणून जोडल्या, टाकी धुतली, नवीन डिझेल घातलं तरी चालू होईना. डिझेलच्या लाइनीत हवा धरली होती. अण्णा म्हणाले सेल्फ मारू नको, बॅटरी बसेल. नट ढिला करून प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा छोटा हातपंप, मारत बसले, फेस यायचा थांबून सरळ डिझेल यायला लागल्यावर नट आवळला आणि मग सेल्फ मारायला सांगितलं. तिसऱ्या सेल्फला चालू झाली. तेव्हा त्यांना रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली होती, पण हात कुठं अडला नाही.

तात्पुरती नोंदणी एक महिन्याची मिळाली, इन्शुरन्स काढला आणि पहाटे निघालो. टायर वाळून तडकलेले, म्हणून तीसच्या वर न्यायची नाही असं ठरवलेलं. कात्रजचा घाट मी चढवला, घामाघूम झालो, स्टेअरिंगला ताकद फार लागते. शिरवळला चहाला थांबलो तर हॉटेलवाला बाहेर येऊन गाडीला हात लावून गेला, तोही माजी सैनिक निघाला, चहाचे पैसे घेतले नाहीत. खंबाटकीच्या पायथ्याला अण्णा म्हणाले, सरक. वर जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दर गिअरला डबल क्लच मारत होते, म्हणजे क्लच दोनदा दाबत होते, आणि वळण यायच्या आधीच गिअर खाली घेतलेला असायचा, वळणात आल्यावर घ्यायचा नसतो हे मला त्या दिवशी कळलं. वर गेल्यावर गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चारी चाकांच्या ड्रमला हात लावून बघितलं गरम झालेत का, आणि परत बसले. वेळे, पाचवड, सातारा करत घरी पोचायला दुपारचे तीन वाजले. गावात शाळा सुटलेली नव्हती तरी पोरं आली.

गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला, पांढरा रंग आहे आणि वर एक बारीक दिवा. रात्री हेडलाइट बंद ठेवून काफिला चालायचा तेव्हा मागच्या ड्रायव्हरनं पुढच्या गाडीचा तो पांढरा गोळा तेवढा बघत यायचं. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक मुलाला अण्णा खाली वाकायला लावून तो गोळा दाखवायचे आणि समजावून सांगायचे. पुस्तकात वाचून हे कळत नाही हो, गाडी समोर असली की एका मिनिटात कळतं. २०१८ ला अण्णा गेले. आता मी दाखवतो.

तर मुद्दा असा. जुन्या गाड्या जपण्यासाठी केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. ५० वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी, तिला व्हीए असा वेगळा नंबर, २०,००० रुपये फी, दहा वर्षं नोंदणी, रोजच्या वापराला नाही पण रॅलीला, प्रदर्शनाला रस्त्यावर आणता येते. चांगला नियम आहे, मनापासून सांगतो. पण तो दुचाकी आणि कार-जीपच्या वर्गापुरता आहे, मालवाहू ट्रक त्यात येत नाही. म्हणजे कुणा संस्थानिकाची मोटार टिकणार आणि लेहला रेशन पोचवलेला ट्रक टिकणार नाही. आम्हाला मालवाहू गाडी म्हणूनच फिटनेस, टॅक्स सगळं भरत राहायला लागतं, ते मी भरतो, जमेल तोवर भरणार. पण आमच्यासारख्या घरात पुढची पिढी ते भरेलच असं नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे की व्हिंटेजच्या नियमात फौजेतून निघालेला मालवाहू ट्रक घाला, आणि ५० वर्षं मोजताना फौजेत आली ते वर्ष धरायचं, आरटीओत आली ते नाही, हे स्पष्ट लिहा. नाहीतर आमची गाडी २००३ ची समजतील. आणि स्क्रॅपला जायच्या आधी प्रत्येक जातीच्या चार-दोन गाड्या तरी, शक्तिमान, निस्सानचा वन टन ट्रक, जीपसारखी जोंगा, ज्या कुठल्या डेपोत शिल्लक असतील त्या, एकेकट्या विकायला काढा, माजी सैनिकांच्या कुटुंबांना नाहीतर गावांना. मणिपूरच्या डोंगरात जुने शक्तिमान लोकांनी कितीतरी वर्षं मालाला वापरलेत, म्हणजे गाडीत जीव असतो, काढून टाकली म्हणून ती संपलेली नसते.

आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे आहे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान गेले, त्यांचा स्तंभ आहे तिथं. त्या स्तंभाशेजारी एक शक्तिमान उभा करायला किती खर्च येतो? गावात आजही घरटी कोणी ना कोणी फौजेत आहे, गाडीची निगा राखायला माणूस शोधायला लागणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे, आणि कुणी पुढाकार घेतला तर शनिवार-रविवार येऊन ती गाडी चालू करून द्यायला मी तयार आहे, मजुरी नको.

आमच्या ट्रकची बाणाची प्लेट मी काढून घरात जपून ठेवलीय, रस्त्यावर ती लावता येत नाही. त्यावरच्या ७८ ला २०२८ मध्ये ५० वर्षं होतील. नियम बदलायला तेवढा वेळ पुरेसा आहे.

आपला नम्र,
एका एएससी ड्रायव्हरचा मुलगा
जि. सातारा