लष्करी जीप घेताना रंग शेवटी, ब्रेक आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांच्या संचलनात दुसऱ्या महायुद्धातली विलिस किंवा फोर्ड जीप चमकताना दिसली की तशीच एक आपल्या दारात असावी असे अनेकांना वाटते. वाटायलाच हवे, कारण या गाड्या आजवर हौशी माणसांनीच जगवल्या आहेत. पण नव्या मालकाचा पहिला पैसा बहुधा पत्र्यावर आणि रंगावर जातो. कागद, स्टिअरिंग आणि ब्रेक मागे पडतात आणि गाडी एक तर कोपऱ्यात उभी राहते किंवा घाटात दगा देते. खर्चाचा क्रम उलटा हवा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

१९४१ ते १९४५ या काळात विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. दोन्हींचा आराखडा एकच: २१९९ सीसीचे चार सिलिंडरचे साइड व्हॉल्व्ह इंजिन, ताकद ६० अश्वशक्ती. युद्ध संपल्यावर त्यांतल्या अनेक इथेच राहिल्या, पुढे महिंद्रने मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि या सगळ्यांचे सुटे भाग एकमेकांत मिसळले. त्यामुळे आपल्याकडे विकायला येणारी ‘अस्सल मिलिटरी जीप’ पुष्कळदा फोर्डची चेसी (खालचा सांगाडा), महिंद्रची बॉडी आणि तिसऱ्याच गाडीचे इंजिन अशी असते. बोनेटकडे बघून काही कळत नाही. रेडिएटरखालचा पुढचा आडवा दांडा बघा. तो गोल नळीचा असेल तर चेसी विलिस एमबीची. उलट्या यू आकाराच्या पन्हळीचा असेल तर फोर्डची किंवा युद्धानंतरच्या नागरी जीपची. फोर्डचा नंबर डाव्या चेसी रेलच्या, म्हणजे सांगाड्याच्या लांब दांड्याच्या, वरच्या अंगावर, इंजिन माउंटिंगच्या जवळ ठोकलेला असतो. विलिसचा नंबर रेलच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो, आणि पट्टी काढून दुसरीकडे लावता येते. म्हणून रिव्हेट नवे दिसले की सावध व्हावे. जागा थिनरने पुसून, बारीक पॉलिश पेपर मारून नंबरचा पेन्सिल ट्रेस घ्या आणि आरसी बुकातला नंबर अक्षरानक्षर जुळवा. एक आकडा जरी वेगळा निघाला तरी इसार देऊ नका. ‘आरटीओत करून देतो’ या शब्दावर तर मुळीच नको.

सैन्याच्या लिलावातून थेट आलेल्या गाडीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम ४७ प्रमाणे संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेले फॉर्म २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. छायाप्रत चालत नाही. आधीच नागरी नंबर असलेल्या गाडीला मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जायचे मनात असेल तर साधी नोंदणी ठेवून दर पाच वर्षांनी तपासणी करून घेणेच सोयीचे. डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतले इशारा देणारे साधन, म्हणजे आजच्या भाषेत इंडिकेटर, असलेच पाहिजे.

आणि रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन देता येत नाही. हा नियम माहीत नसल्यामुळे हौशी लोक हजारो रुपये खर्चून नेमका तोच रंग मारतात आणि पासिंगच्या वेळी तो खरवडून काढतात. वाळूचा किंवा राखाडी रंग घ्यावा.

आता पत्र्याखाली. या जीपच्या फरशीला खालून टोपीच्या आकाराच्या लांब पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात आणि त्यांच्या आत कारखान्यातच लाकूड भरलेले असे. ऐंशी पावसाळ्यांत ते लाकूड पाणी पिऊन पत्रा आतून खाते. वर पुट्टी आणि रंग असल्याने काहीच दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर ठोकत जा. खणखणीत आवाज थांबून बद्द आवाज आला की तिथे गंज आहे. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, गिअरबॉक्सचा आडवा दांडा आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवतीची चेसी यांवर ताज्या वेल्डिंगचे डाग असतील तर किंमत तिथेच बोलावी.

ब्रेकवर पैसे वाचवू नका. एकच मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा), एकच सर्किट. एका चाकाचा व्हील सिलिंडर (तिथला ब्रेक दाबणारा) गळला की पेडल थेट फरशीला लागते आणि चारही चाके मोकळी होतात. मास्टर सिलिंडर पायाखाली, फरशीच्या खाली आहे, त्यामुळे त्यात चिखल आणि पाणी जाते. चारही व्हील सिलिंडर, मास्टर आणि सगळे होज एकदमच नवे घ्या. फक्त रबर किट टाकून भागत नाही, कारण गंजलेल्या बोअरवर नवे रबर काही महिन्यांत फाटते. साध्या तांब्याच्या नळ्या लावू नका, त्या थरथरीने तडकतात. ब्रेक शू सेट करताना फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) वापरा: अँकरकडच्या टोकाला ०.००५ इंच, वरच्या टोकाला ०.००८ इंच. हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर काम करतो. मागचा ऑइल सील गळत असेल तर लायनिंग तेलात भिजते आणि हँडब्रेक धरत नाही. अशा वेळी लायनिंग बदलण्याआधी सील बदला.

चाके काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा: डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे आहेत. टायरवाल्या पोराला आधी सांगितले नाही तर तो लांब पाइप लावून नट ‘सोडवत’ राहतो आणि स्टड तुटतो. टायरचा आकार ६.००-१६, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही हाच आकार बसतो. स्वस्त म्हणून तेच टायर जीपला चढवलेले दिसतात. त्यांवरील ए६ खुणेचा अर्थ ताशी ३० किलोमीटर, ए८ चा ४०. त्यांच्यावर महामार्गाला लागणे जिवाशी खेळ आहे.

पुढची चाके ताशी पन्नासच्या आसपास थडथडू लागली की लोक आधी व्हील बॅलन्सिंग करतात. दोष बहुधा किंगपिनच्या (चाक ज्यावर वळते त्या खिळीच्या) बेअरिंगमध्ये, टाय रॉडच्या (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या) टोकांत किंवा त्यांच्या मधल्या बेलक्रँकच्या बुशमध्ये असतो. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन चाक वर आणि खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. किंगपिनचा ताण शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवतात, ग्रीस भरून तो जुळत नाही.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये जीएल-४ दर्जाचे तेल घाला. जीएल-५ मधली गंधकाची रसायने सिंक्रोच्या (गिअर अलगद पडू देणाऱ्या यंत्रणेच्या) पितळी रिंगा खातात. डिफरन्शियलला मात्र जीएल-५ चालते. दोन्ही पेट्यांत तेल इकडून तिकडे सरकते, म्हणून पातळी दोन्हीकडची बघा. फोर व्हील फक्त माती, वाळू, चिखलात टाका. डांबरावर टाकलीत तर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ताण साठतो आणि लिव्हर निघत नाही. तेव्हा हातोडा घेऊ नका. गाडी थोडी रिव्हर्स घेतली की ताण सुटतो.

इंजिन साधे आणि दणकट आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटचे अंतर ०.०२० इंच, प्लगचे ०.०३०, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.०१४ इंच, इंजिन थंड असताना. चारही सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये १० पीएसआयहून (दाबाचे एकक) जास्त फरक नसावा, आणि गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर आयडलला १० पीएसआयच्या खाली गेला तर बेअरिंग झिजलेले समजा. वायरिंग मूळचे ६ व्होल्टचे. तिथे १२ व्होल्टच्या बारीक केबल लावल्या की स्टार्टर कुथतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. जाड केबल आणि अर्थचे स्वच्छ टोक एवढेच पुरते. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने पेट्रोल पंपातला जुना डायफ्रॅम (पातळ पडदा) आणि रबरी नळ्या फुगतात, टाकीतला गंज सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम आणि होज घ्या, पंपाच्या आधी फिल्टर बसवा आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा.

हे इंजिन काढून डिझेल बसवणे ही मात्र आमच्या मते त्या गाडीची हत्या आहे. कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, व्हिंटेज नोंदणीचा हक्क जातो, आणि जादा टॉर्कने तीन गिअरच्या पेटीचे दात जातात.

परिवहन खात्याला विनंती अशी की लिलावातल्या लष्करी गाड्यांची आणि व्हिंटेज नोंदणीची कागदपत्रांची यादी, शुल्कासह, प्रत्येक आरटीओ कार्यालयात मराठीत लावावी, आणि नियम १२१ त्याच फलकावर असावा. म्हणजे रंगाचे पैसे खर्च होण्याआधीच माणसाला तो कळेल.

आपले,
जुन्या जीपची निगा राखणारे काही वाचक, पुणे